एका निवडणुकीपुरते नाव

गेल्या वर्षी ‘साहित्य आणि प्रदेश’ या विषयावर एम. ए.च्या विद्यार्थ्यांकडून आम्ही प्रकल्प लिहून घेतले. पाचगणीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रकल्पाला घरातल्या एका जुन्या लिफाफ्याचे छायाचित्र जोडले होते. लिफाफ्यावर बोरूच्या वळणाची वाटावी अशी अक्षरे होती : मु. पो. पाचगणी, जि. उत्तर सातारा. खाली तिची तळटीप होती, ‘पत्ता लिहिणाऱ्याची चूक असावी, उत्तर सातारा नावाचा जिल्हा नाही.’ आम्ही तिघांनी तो प्रकल्प तपासला. तिघांनीही तळटीप वाचली आणि आमच्यापैकी एकाने तर तिच्यापुढे बरोबरची खूणही केली. प्रकल्पाला गुण चांगले मिळाले.

चूक लिफाफ्याची नव्हती, आमची होती. १९४९ ते १९६० या काळात उत्तर सातारा नावाचा जिल्हा होता आणि पाचगणी त्यातच होते. औंध, फलटण, सांगली, जत, मिरज ही संस्थाने विलीन झाल्यावर जुन्या सातारा जिल्ह्याचा पसारा वाढला. त्याचे दोन भाग केले गेले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये दक्षिणेचे नाव सांगली झाले आणि उत्तरेला तिचे जुने नाव परत मिळाले. अकरा वर्षे हा काही क्षुल्लक काळ नव्हे. या अकरा वर्षांत मुले जन्मली, जमिनी विकल्या गेल्या, पत्रे आली-गेली आणि स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूकही झाली. आम्ही मात्र आजच्या नकाशावर बोट ठेवून मोकळे झालो.

ही खंत घेऊन आम्ही पहिल्या लोकसभेची यादी काढून बसलो. १९५१-५२ च्या निवडणुकीत मुंबई राज्यातून लोकसभेच्या ४५ जागा होत्या. त्या यादीत सातारा हे नाव तीनदा येते आणि एकदाही एकटे येत नाही. एक मतदारसंघ उत्तर सातारा, दुसरा दक्षिण सातारा आणि तिसरा कोल्हापूर-सह-सातारा. उत्तर साताऱ्यातून काँग्रेसचे गणेश सदाशिव अळतेकर निवडून आले, दक्षिण साताऱ्यातून काँग्रेसचेच व्यंकटराव पिराजीराव पवार. कोल्हापूर-सह-सातारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. तेथून बाळासाहेब खर्डेकर अपक्ष म्हणून आणि राखीव जागेवर के. एल. मोरे काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले. पाच वर्षांनी, १९५७ च्या निवडणुकीत, ही तिन्ही नावे यादीतून नाहीशी झाली. त्यांच्या जागी सातारा, कराड, मिरज आणि कोल्हापूर आली. तीन मतदारसंघ, चार खासदार, आणि प्रत्येक मतदारसंघाच्या वाट्याला एकच सार्वत्रिक निवडणूक.

वाचक म्हणतील, नावे बदलली, सीमा सरकल्या, त्यात एवढे काय? इंग्लंडातही हे नेहमीचेच आहे. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये ज्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या काही मतांनी निवडून आले, तो मतदारसंघ १८८५ मध्ये जन्मला आणि १९१८ मध्ये संपला. त्याचा उलटा नमुना ओल्ड सेरमचा. तेथे वस्ती उठून गेली, पण मतदारसंघ राहिला, आणि जवळपास रिकाम्या टेकडीच्या नावाने १८३२ पर्यंत दोन सभासद पार्लमेंटात बसत राहिले. आपल्याकडे गावे जागच्या जागी राहिली आणि मतदारसंघ उठून गेले. फिन्सबरी मात्र दादाभाईंमुळे आपल्या पाठ्यपुस्तकांत टिकले. उत्तर साताऱ्याला तेवढेही भाग्य लाभले नाही. आमची तक्रार मतदारसंघ संपण्याविषयी नाही. लोकसंख्या बदलते तशा सीमा बदलायलाच हव्यात. तक्रार आहे ती संपलेल्याला चालूच्या नावाने हाक मारण्याच्या आपल्या सवयीविषयी.

वृत्तपत्रांत निवडणुकीच्या हंगामात ‘सातारा मतदारसंघाचा इतिहास’ अशा मथळ्याचे लेख येतात. त्यांतला इतिहास बहुधा दोनपैकी एका रीतीने सुरू होतो. एक तर तो थेट १९५७ पासून, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांपासून सुरू होतो. नाहीतर अळतेकरांना ‘साताऱ्याचे पहिले खासदार’ म्हणून एका ओळीत बसवून पुढे जातो. पहिल्या रीतीत एक अख्खी निवडणूक गळते. दुसऱ्या रीतीत ती उरते, पण तिच्यावर तेव्हा नसलेले नाव चिकटते. गळणे निदान दिसते तरी. चिकटवलेले नाव दिसत नाही, म्हणून दुसरी रीत आम्हाला अधिक घातक वाटते.

हे आम्ही साहित्याच्या वर्गातून बोलतो आहोत, राज्यशास्त्राच्या नव्हे. कारण नेमका हाच दोष आमच्या विषयात मुरलेला आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आली, म्हणजे ज्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला त्याच वर्षी. ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली, म्हणजे दक्षिण सातारा मतदारसंघाच्या एकुलत्या एका लोकसभेच्या मुदतीत. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ ची. तिची भूमी वारणेच्या खोऱ्यातली आणि लेखकाचे वाटेगाव वाळवे तालुक्यातले. म्हणजे तेही तेव्हा दक्षिण साताऱ्यात. आपल्या कथा-कादंबरीला नवे वळण देणारी ही पुस्तके ज्या प्रशासकीय प्रदेशातून आणि ज्या वर्षांत आली, त्या प्रदेशाचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जवळजवळ कोठे येत नाही. आपण सरसकट ‘सांगली जिल्हा’ असे लिहितो. माडगूळकरांचा जन्म झाला तेव्हा त्यांचे गाव औंध संस्थानात होते, तारुण्यात ते दक्षिण साताऱ्यात गेले आणि मध्यमवयात सांगलीत. माणूस हलला नाही तरी त्याचा पत्ता तीनदा बदलला. ‘बनगरवाडी’तल्या तरुण मास्तराचा वरिष्ठ राजा आहे. कादंबरी छापून येईपर्यंत तो राजा राज्यकर्ता राहिलेला नव्हता आणि वाडीतल्या मेंढरक्यांसारख्या माणसांच्या हाती मत आले होते. कादंबरीतला काळ आणि तिच्या प्रकाशनाचा काळ यांमधली ही फट ‘सांगली जिल्ह्यातील ग्रामजीवन’ या शब्दांखाली बुजून जाते. ग्रामीण साहित्य ही संज्ञा मागे नेऊन सगळ्यांवर पांघरण्याची आपली खोडही याच जातीची आहे. पण तो वाद येथे नको.

मताचा प्रश्न पाचगणीच्या संदर्भात तर फारच बोलका आहे. १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. त्यांची वाटणी वाचताना जमाखर्चाची वही वाचल्यासारखे वाटते. सर्वसाधारण ११४ जागा, त्यांत १५ अनुसूचित जातींसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव. मुसलमानांसाठी २९, युरोपियनांसाठी ३, भारतीय ख्रिश्चनांसाठी ३, अँग्लो-इंडियनांसाठी २. शिवाय व्यापार, जमीनदार, मजूर, विद्यापीठ, स्त्रिया आणि मागास प्रदेश यांच्या जागा वेगळ्या. आता पाचगणीचा बाजार डोळ्यांपुढे आणावा. साहेबांच्या मुलांसाठी निघालेल्या शाळा, पारशांचे बंगले, मुसलमान व्यापारी, ख्रिस्ती शिक्षक, आसपासच्या गावांतून भाजी आणि दूध घेऊन चढून येणारे कुणबी. एकाच रस्त्यावर राहणारी ही माणसे मतदार असलीच तर वेगवेगळ्या मतदारसंघांचे मतदार होती. पारशी आणि कुणबी सर्वसाधारण यादीत, बाकीचे आपापल्या धर्माच्या वा वंशाच्या यादीत. आणि मुळात मताचा अधिकार मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या अटींवर अवलंबून असल्यामुळे दूध घेऊन येणाऱ्याला तो बहुधा नव्हताच. १९३७ च्या त्या निवडणुकीनंतर काँग्रेसने आरंभी सत्ता स्वीकारली नाही, म्हणून १ एप्रिल ते १९ जुलै १९३७ एवढ्या काळापुरते मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले ते साताऱ्याचे धनजीशा कूपर. साताऱ्याच्या राजकारणातून एक पारशी गृहस्थ प्रांताच्या प्रमुखपदी पोहोचला, ही गोष्टही आज साताऱ्यातल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? आमच्या वर्गात विचारून पाहिले. उत्तर देण्यात अर्थ नाही.

या पार्श्वभूमीवर १९५२ चा ‘उत्तर सातारा’ पाहिला म्हणजे त्या नावाचे वजन कळते. पाचगणीच्या त्या रस्त्यावरची सगळी माणसे प्रथमच एका यादीत आली. धर्माची यादी गेली, साऱ्याची अट गेली. एकवीस वर्षे पूर्ण झालेली बाई आणि बाप्या दोघेही मतदार झाले. देशभरात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार नोंदले गेले. नोंदणीच्या वेळी काही प्रांतांत बायका आपले नाव सांगेनात, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच सांगत, म्हणून जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. हे मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत घडले. नाव नाही म्हणून मत नाही, या एका वाक्यावर आमच्या स्त्रीवादी समीक्षेच्या तासाला महिनाभर चर्चा होऊ शकेल.

मतदानाची रीतही आजच्यासारखी नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसे. शिक्का मारायचा नसे, खूण करायची नसे. कागद हव्या त्या पेटीत टाकला की मत झाले. म्हणजे उत्तर साताऱ्याच्या मतदाराने अळतेकरांना मत दिले तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर अळतेकर हे नाव नव्हतेच. बैलजोडीच्या पेटीत एक कोरासा कागद पडला होता. अळतेकर विस्मृतीत गेले याचे एक कारण आम्हाला येथे दिसते. दुसरे कारण असे की त्यांच्या मतदारसंघाला वारस उरला नाही. कराड मतदारसंघ १९५७ पासून २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत टिकला. दाजीसाहेब चव्हाण, मग प्रेमलाकाकी, मग पृथ्वीराज अशी एका घराची साखळी त्याला लाभली, म्हणून तो संपल्यावरही लोकांच्या बोलण्यात आहे. खर्डेकरांचे नाव टिकले ते वेगळ्या वाटेने. कोल्हापूर-सह-सातारा कोणाला आठवत नाही, पण शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयावर बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर हे नाव आहे, आणि आमच्यातले निम्मे लोक त्या ग्रंथालयाच्या पायऱ्या चढूनच प्राध्यापक झाले. त्या नावाचा माणूस अपक्ष म्हणून लोकसभेत गेला होता, हे मात्र आम्हाला ही यादी काढेपर्यंत माहीत नव्हते. ज्याला घर नाही आणि ज्याच्या नावाचे ग्रंथालयही नाही त्याने काय करावे?

आता १९५७. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला डावलून १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य आले होते आणि पश्चिम महाराष्ट्र संतापला होता. नव्याने आखलेल्या सातारा मतदारसंघाने नाना पाटलांना निवडून दिले. ते कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार होते आणि समितीच्या लाटेवर आले. हे दोन्ही खरे आहे. पण येथे एक तपशील आम्हाला फार मोलाचा वाटतो. नानांचे गाव येडे मच्छिंद्र वाळवे तालुक्यातले, म्हणजे तेव्हाच्या दक्षिण साताऱ्यातले. प्रतिसरकारची मोठी कामगिरीही वाळवा, तासगाव, कुंडल या पट्ट्यातली. तरी ते निवडून आले उत्तरेतून. नकाशाने १९४९ मध्ये दोन सातारे केले होते. मतदारांच्या मनात १९४२-४६ चा सातारा एकच राहिला होता, असे आम्ही यातून वाचतो. हा आमचा तर्क आहे. लाटेने कोणीही निवडून आला असता असे म्हणणाऱ्यांशी आम्ही भांडणार नाही. मात्र त्यांनी एवढे तरी सांगावे की लाटेने शेजारच्या जिल्ह्याचा माणूस इतका आपला कसा केला.

त्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी, पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले. समितीने त्यांच्या वाटेवर निदर्शने केली, वाईकडून पाचगणीला चढणाऱ्या पसरणीच्या घाटात आणि पलीकडे पोलादपूरला. पाच वर्षांपूर्वी ज्या मुलखातून नेहरूंच्या पक्षाचा खासदार दिल्लीला गेला होता, त्याच मुलखाच्या घाटात काळी निशाणे होती, आणि आता त्याचा खासदार निशाणे दाखवणाऱ्यांच्या बाजूचा होता. पुढे १९६२ मध्ये वाईजवळच्या कवठ्याचे किसन वीर काँग्रेसतर्फे आले आणि १९६७ पासून यशवंतराव चव्हाण. मग दीर्घकाळ चित्र बदलले नाही.

यामुळेच ‘सातारा हा काँग्रेसचा बालेकिल्ला’ हे वाक्य आम्हाला नीट तपासून घ्यावेसे वाटते. जिल्हा किल्ल्यांचा, म्हणून रूपक सहज सुचते. मग त्याच्या मागून गड राखणे, खिंडार पाडणे, सुभेदारी, शिलेदार ही सगळी फौज येते. रूपक काय करते ते आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही शिकवतो, मग येथे का विसरायचे? बालेकिल्ला म्हटला की तो आधीपासून होता असे वाटते, कोणीतरी तो बांधला आणि कोणीतरी राखतो आहे असे वाटते. त्यात मतदार कोठेच नसतो. असलाच तर तटाच्या दगडाएवढा. १९५२, १९५७ आणि १९६२ या तीन निवडणुकांत पाचगणीच्या मतदाराने काँग्रेस, कम्युनिस्ट, काँग्रेस असा कौल पाहिला, आणि पहिल्या दोहोंच्या मध्ये त्याचा मतदारसंघही बदलला. याला बालेकिल्ला म्हणायचे असेल तर म्हणावे. मग त्याचे दरवाजे आतून उघडत होते हेही सांगावे. यशवंतरावांच्याच आत्मकथनात, ‘कृष्णाकाठ’मध्ये, १९३७ साली शेतकऱ्यांमधला उमेदवार मिळावा म्हणून केलेल्या खटपटीची हकीकत आहे. काँग्रेसला या जिल्ह्यात जागा मिळवण्यासाठी आपल्याच घरात झगडावे लागले होते. ते पुस्तक १९४६ पर्यंत येऊन थांबते. त्या वर्षी ते प्रांतिक विधानसभेवर गेले त्या मतदारसंघाचे नाव होते दक्षिण सातारा. म्हणजे निवडणुकीच्या कागदांत दक्षिण सातारा हा शब्द जिल्ह्याच्या आधी आला होता. आम्ही तरी ते पुस्तक वर्षानुवर्षे ‘नदीकाठचे निवेदन’, ‘प्रांजळ शैली’ एवढ्याच अंगाने शिकवत आलो आहोत.

अलीकडची गोष्टही फार वेगळी नाही. २००८ च्या पुनर्रचनेत लोकसभेच्या यादीतून कराड गेले आणि विधानसभेच्या यादीतून जावळी गेली. महाबळेश्वर तालुका, आणि त्याबरोबर पाचगणी, वाई मतदारसंघात आला. जावळी हे नाव इतिहासात एवढे मोठे, पण मतदारयादीत आता ते मतदारसंघ म्हणून नाही. आणखी चाळीस वर्षांनी एखादा विद्यार्थी लिहील, ‘जावळी नावाचा मतदारसंघ नव्हता, आजोबांची चूक असावी.’ आणि आमच्यासारखे कोणी त्याला बरोबरची खूण करतील.

आम्ही त्या विद्यार्थिनीला बोलावून घेतले आणि चूक आमची असल्याचे सांगितले. तिला त्याचे विशेष काही वाटले नाही. शिक्षकांची चूक निघाली याचा थोडा आनंद मात्र लपला नाही. तिने तळटीप बदलली, जिल्ह्याची वर्षे घातली आणि घरी जाऊन आजीला विचारले. आजी १९५२ साली सात वर्षांची होती. आईचे बोट धरून ती मतदानाला गेली होती. उमेदवार कोण होता ते तिला सांगता येत नाही, उत्तर सातारा हे नावही आठवत नाही. पेटीवरचे बैल आठवतात, आणि परत येताना आईने बोटावरची शाई चुलीच्या राखेने घासून पाहिली ते आठवते. शाई गेली नाही, असे आजीने दोनदा सांगितले. विद्यार्थिनीने ते दोनदा लिहून आणले आहे.